तिथी: सोलापूरच्या पंचांगातून बाबिलोनच्या पाट्यांवर

बाबिलोनच्या खगोलगणितावरचं कोणतंही आधुनिक संशोधन उघडा. गुरू, शनी, मंगळ यांच्या उदयास्तांची कोष्टकं लागली की दिवसांच्या रकान्यात एक ओळखीचा शब्द भेटतो: तिथी. अक्कडी भाषेत हा शब्द नाही. कीलाकार लिपीतल्या एकाही पाटीवर तो कोरलेला नाही. तिथे लेखकांनी साधं ‘दिवस’ असं चिन्ह उमटवलं आहे. तरीही जगभरचे अभ्यासक त्या चिन्हाचा अर्थ सांगताना तिथीच म्हणतात. मेसोपोटेमियाच्या विद्येला आपल्या पंचांगातून शब्द उसना घ्यावा लागला, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालं.

आम्हा सोलापूरकरांना याचं अगत्य जरा जास्त. नानाशास्त्री दात्यांनी सुरू केलेलं दाते पंचांग शंभरहून अधिक वर्षं याच गावातून निघतं आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आज तिथी कोणती, ती किती वाजता संपते, हे खिळ्याला टांगलेल्या सोलापूरच्या छापील पानावर पाहिलं जातं. जिल्ह्यातल्याच पंढरपुरात आषाढीचा सोहळा एकादशीला, म्हणजे तिथीवर. स्मार्त एकादशी आज आणि भागवत उद्या, असं एखाद्या वर्षी का होतं, याचं उत्तरही सूर्योदयाला आणि त्याआधीच्या अरुणोदयाला कोणती तिथी चालू आहे यातच असतं.

मुळात तिथीची गरज का पडते? अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस. चंद्रकोर दिसली की महिना सुरू करणाऱ्या बाबिलोनमध्ये एखादा महिना २९ दिवसांचा, एखादा ३० चा. आणि पुढचा महिना किती दिवसांचा निघेल हे आधी ठाऊक नसे. आता गुरूचा एक उदय ते पुढचा उदय हे अंतर घ्या. ते सरासरी ३९९ दिवसांचं आहे. पुढचा उदय कोणत्या महिन्याच्या कितव्या दिवशी, हे काढायला मधल्या तेरा महिन्यांची लांबी एकेक करून माहीत हवी. बाबिलोनच्या गणित्यांनी ही अडचण सुरेख टाळली. सरासरी चांद्रमासाचे तीस समान भाग पाडायचे आणि त्या भागांतच बेरीज करायची. मग गुरूचं अंतर होतं तेरा महिने आणि साधारण पंधरा भाग. शेवटी तो भाग म्हणजेच दिवस धरला तरी चूक फारशी पडत नाही. हा तिसावा भाग २३ तास ३७ मिनिटांचा.

पाट्या वाचण्याचं काम प्रथम श्ट्रासमायर, एपिंग आणि कूग्लर या जेझुइट पाद्र्यांनी केलं. या रकान्यातले ‘दिवस’ खरे दिवस नसून महिन्याचे तिसावे भाग आहेत, हे १९१६ मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ पानेकूक यांनी दाखवलं. नाव मात्र रूढ केलं ऑटो नॉयगेबाउर यांनी. १९५५ साली निघालेल्या त्यांच्या तीन खंडांत बाबिलोनवर राज्य करणाऱ्या सेल्युकस राजांच्या आणि त्यांच्या लगतच्या काळातली गणिती कोष्टकं एकत्र आली आणि त्यांत तिथी हे एकक पक्कं बसलं. पाटीवर दिवसाचं चिन्ह असताना खऱ्या दिवसापासून वेगळं दाखवणारं आटोपशीर नाव त्यांना हवं होतं, आणि ते फक्त भारतात तयार होतं.

हे घडलं ते ठिकाणही तसंच विरळा. अमेरिकेच्या ब्राऊन विद्यापीठात १९४७ मध्ये नॉयगेबाउर यांच्यासाठी गणितेतिहासाचा स्वतंत्र विभाग उघडला. तिथे कीलाकार लिपी वाचणारे अब्राहम सॅक्स होते, आणि १९७१ पासून संस्कृतचे डेव्हिड पिंग्री आले. बाबिलोनच्या पाट्या आणि संस्कृत पोथ्या एकाच दालनात, एकाच प्रश्नासाठी वाचणारा दुसरा विभाग मला ठाऊक नाही. नॉयगेबाउर आणि पिंग्री यांनी मिळून वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेची आवृत्ती काढली, तीही याच सुमारास.

इथवर वाद नाही. वाद यापुढे आहे: नाव आपलं, पण कल्पना कोणाची?

पिंग्री यांनी १९७३ मध्ये आपलं मत मांडलं. वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथातलं गणित मेसोपोटेमियाचं आहे, आणि इराणी सम्राट दरायसच्या साम्राज्यात सिंधूकाठ आल्यानंतर ते इकडे आलं. त्यांच्या यादीत पाणघड्याळ आहे, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाचं तीनास दोन हे प्रमाण आहे आणि तिथीही आहे. प्रमाणाचा मुद्दा वजनदार आहे. तीनास दोन म्हणजे मोठा दिवस १४ तास २४ मिनिटांचा. सोलापुरात तो सव्वातेरा तासांच्याही आत संपतो. हे प्रमाण नीट जुळायला ३५ अक्षांशाच्या आसपास, म्हणजे काश्मीरच्या वर जावं लागतं. जपानी अभ्यासक युकिओ ओहाशी यांनी याला उत्तर दिलं: अयनदिनं सोडून वर्षाच्या इतर काळातल्या निरीक्षणांवरून हे सूत्र बसवलं असेल, तर उत्तर भारतातही ते निघू शकतं. मला हे उत्तर शक्य वाटतं, पण ओढून आणलेलंही. दिनमानाचं सूत्र मी पिंग्रींना देऊन टाकतो.

तिथी मात्र देणार नाही. कारण आकडे.

वेदांगज्योतिषाचं युग पाच वर्षांचं, १८३० दिवसांचं. त्यात ६२ चांद्रमास, म्हणजे १८६० तिथी. भागाकार केला तर महिना २९.५१६ दिवसांचा येतो. खरा महिना थोडा मोठा असल्याने एका युगातच हिशेब जवळपास एक दिवस चुकतो. बाबिलोनचा महिना साठमान पद्धतीत लिहिलेला, २९.५३०५९ दिवसांचा, थक्क करणारा अचूक. अधिक मासाचंही तेच. बाबिलोनमध्ये १९ वर्षांत ७ अधिक महिने हा नियम इराणी सम्राटांच्याच काळात रुळला. वेदांगज्योतिषात ५ वर्षांत २, म्हणजे १९ वर्षांत साडेसातहून जास्त. दरायसच्या वाटेने विद्या आली म्हणता, तर त्या विद्येतली दोन सर्वांत मौल्यवान रत्नं वाटेत कुठे राहिली? पिंग्रींच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की आलेलं ज्ञान आधीच्या टप्प्याचं होतं. पण मग तिथीही त्या आधीच्या टप्प्यात दाखवायला हवी.

दुसरा पुरावा शब्दाच्याच वयाचा. ऐतरेय ब्राह्मणात तिथीची व्याख्या आहे, पण ती तिसाव्या भागाची नाही. चंद्राच्या मावळण्या-उगवण्याच्या काळाला तिथे तिथी म्हटलं आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये मराठीत लिहिलेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या वचनाची चर्चा केली आहे. म्हणजे शब्द जुना, अर्थ आकाशात डोळ्यांना दिसणारा, आणि समान तिसाव्या भागाची व्याख्या मागाहून. उसनी कल्पना आली असती तर तिच्याबरोबर नवा शब्द आला असता. होरा आला, केंद्र आला, लिप्ता आला. ग्रीकांकडून घेतलेल्या वस्तूंवर ग्रीक नावं तशीच चिकटून राहिली. तिथी मात्र घरच्या शब्दाचा अर्थ हळूहळू काटेकोर होत गेल्यासारखी दिसते. दर्श-पौर्णमास इष्टीसाठी पर्वकाळ आधी सांगता आला पाहिजे, ही यज्ञाची निकड त्या बदलाला पुरेशी आहे. बाबिलोनला ग्रहांसाठी हवं होतं, इथे यज्ञासाठी. तीच अडचण, तोच तोडगा.

खुद्द शब्दाच्या व्युत्पत्तीवर दोन पक्ष आहेत. आपल्या धर्मशास्त्रकारांची ‘तन्’ धातूवरची, चंद्रकलेचा विस्तार करणारी ती तिथी. काही भाषाशास्त्रज्ञ मात्र ती ‘कतिथ’, ‘बहुतिथ’ अशा क्रमवाचक शब्दांच्या शेपटातून सुटली असं मानतात, म्हणजे ‘कितवी?’ या प्रश्नातूनच तिचं नाव घडलं. मला दुसरी पटते. तिथी सांगताना आपण आजही द्वितीया, तृतीया, चतुर्थी असे क्रमांकच बोलतो.

टिळकांचं मत इथे सोडता येत नाही. ६ जुलै १९१७ ला पुण्यात भांडारकर संस्था स्थापन झाली, त्या वर्षी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना अर्पण केलेल्या ग्रंथात टिळकांचा खाल्डियन आणि भारतीय वेदांवरचा लेख आहे. अथर्ववेदातल्या सर्पविषाच्या मंत्रातला ‘तैमात’ म्हणजे बाबिलोनची समुद्रदेवी तिआमत, आणि ‘उरुगूला’ म्हणजे तिकडचं पाताळ, असा त्यांचा दावा. ‘तैमात’चा दावा मला भक्कम वाटतो, बाकीचे सैल. पण तैमात एकटा जरी खरा असला तरी दोन देशांची ओळख दरायसच्या फार आधीची ठरते, आणि पिंग्रींच्या एकाच खिडकीतून सगळं आलं हे म्हणणं डळमळतं.

देवघेव झालीच नाही असं कोणी समजू नये. सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा तिथीवर भरत नाही, ती मकर संक्रांतीच्या सुमारास, सूर्याच्या हिशेबाने भरते. आणि बारा राशींची ती चौकट बाबिलोनचीच, मकरही तिथल्या बोकडाचं तोंड नि माशाचं शेपूट असलेल्या प्राण्याचा वारस. पंचसिद्धान्तिकेत चंद्राचं गणित २४८ दिवसांच्या चक्राने केलं आहे, एवढ्या दिवसांत चंद्र आपल्या मंद-शीघ्र गतीच्या नऊ फेऱ्या पुरवतो. हेच चक्र बाबिलोनच्या पाट्यांवर आहे, आणि तमिळ देशातल्या पंचांगकर्त्यांच्या तोंडपाठ वाक्यांतही. इथे एककाबरोबर आकडाही आला आहे. उसनवारी अशी दिसते.

आजची आपली तिथी बाबिलोनच्या तिथीपासून दूर गेली आहे, हेही नोंदवायला हवं. तिकडची सगळी समान, वेदांगज्योतिषातलीही समान. सिद्धान्तकाळापासून आपण चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकण्याला तिथी म्हणू लागलो, म्हणून ती कधी २० तासांची तर कधी २७ तासांच्या जवळ. क्षय आणि वृद्धी त्यातूनच. नॉयगेबाउर यांनी जी तिथी उचलली ती आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वीच मागे पडलेली, जुनी मध्यम तिथी आहे.

पिंग्री २००५ मध्ये गेले आणि ब्राऊनमधला तो विभागही संपला. मेसोपोटेमियाचा अभ्यास तिथे इजिप्तच्या अभ्यासाबरोबर चालू आहे, आणि ग्रहांच्या पाट्या वाचणारे आजही त्या रकान्यात तिथीच मोजतात. सेल्युकसांच्या कित्येक शतकं आधीची, महिन्याचे तीस समान भाग मोजणारी एखादी पाटी पुढे आली तर पिंग्रींचा पक्ष मी पुन्हा तपासेन. तोवर ६२ महिन्यांचे १८३० दिवस माझ्या बाजूने आहेत.