ध्वनिसंश्लेषण स्क्रिप्टचे दोषशोधन

संगणकावर आवाज घडवणाऱ्या सॉफ्टवेअरला कोणता स्वर, केव्हा, किती जोराने आणि किती वेळ वाजवायचा हे सांगणारा लेखी सूचनांचा संच म्हणजे ध्वनिसंश्लेषण स्क्रिप्ट. ती नीट वाजत नसेल तर बिघाड कुठे आहे हे शोधून तो दूर करणे, हा या नोंदीचा विषय. हिशेबाचा प्रोग्रॅम चुकला तर निदान चुकीचा आकडा समोर येतो. इथे स्क्रिप्ट सुरळीत चालते, पडद्यावर तक्रार नसते आणि कानावर शांतता येते किंवा बेसूर येतो. रागसंगीतात तर स्वर बरोबर लागूनही राग चुकतो, आणि ते ओळखायला जाणता कानच लागतो.

संगणकीय ध्वनिसंश्लेषणाची सुरुवात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये लिहिलेल्या ‘म्यूझिक’ या प्रोग्रॅमपासून झाली. बॅरी व्हर्को यांचे सीसाउंड १९८६ मध्ये, तर जेम्स मॅकार्टनी यांचे सुपरकोलायडर १९९६ मध्ये आले. सुपरकोलायडर २००२ पासून मुक्त परवान्यावर मिळते.

पुण्यात या विषयाला रागाच्या बाजूने हात घातला गेला. पुणे विद्यापीठात तेव्हा संगणकशास्त्राचे प्राध्यापक असलेले हरी सहस्रबुद्धे (गायिका वीणा सहस्रबुद्धे यांचे पती) यांनी १९९२ च्या सुमारास हिंदुस्थानी संगीताचे विश्लेषण आणि संश्लेषण यांवर काम केले. सहलेखक उपाध्ये यांच्यासह त्यांनी रागाचे एक गणिती प्रारूप मांडले. एका स्वरावरून पुढे कोणत्या स्वरावर जाता येते, याचे नियम प्रमाण ग्रंथांतून घ्यायचे, त्यांतून मर्यादित अवस्थांचे यंत्र बांधायचे आणि त्याच्याकडून नव्या स्वरावली काढून घ्यायच्या, अशी ही रीत होती.

अशा स्क्रिप्टमधले दोष कसे दिसतात, हे भीमपलासीवरून चांगले कळते. या रागाच्या आरोहात रिषभ आणि धैवत वर्ज्य आहेत, अवरोहात मात्र सातही स्वर लागतात. स्क्रिप्टमध्ये रागात लागणाऱ्या स्वरांची एकच यादी ठेवली, तर चढतानाही ‘सा रे ग’ येऊ लागते आणि ऐकणाऱ्याला काफीचा भास होतो. प्रोग्रॅमच्या दृष्टीने काहीही मोडलेले नसते. उपाय म्हणजे स्वराबरोबर दिशाही नोंदवणे: चढता पंचम ही एक अवस्था आणि उतरता पंचम ही दुसरी.

भूप आणि देशकार यांचा पेच याहून अवघड आहे. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच स्वर. भूप गंधाराभोवती फिरतो, देशकार धैवतावर उभा राहतो. सर्व स्वरांना सारखे वजन दिलेली स्क्रिप्ट या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते. इथे कोणत्या स्वरावर किती थांबायचे, याचे आकडे दुरुस्त करावे लागतात, आणि ते ठरवायला गाणाऱ्याला शेजारी बसवण्याला पर्याय नाही. यादृच्छिक निवड करणाऱ्या स्क्रिप्टचा बीजांक (निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो) आधी पक्का करावा. तसे केले की तीच चूक पुन्हा त्याच ठिकाणी येते आणि पकडता येते.

सुरांतील दोष मोजून सापडतात. षड्ज २४० हर्ट्झ धरला, तर शुद्ध गंधार ५:४ या प्रमाणाने ३०० हर्ट्झवर येतो. पाश्चात्त्य समविभागी सप्तकाचे सूत्र वापरले, तर तोच सुमारे ३०२.४ वर जातो. तानपुऱ्याच्या सुरात हा फरक सहन होत नाही. म्हणून स्वरांचे क्रमांक न देता थेट कंपनसंख्या द्याव्यात. तार छेडल्याचा आवाज देणारी कार्प्लस-स्ट्राँग ही १९८३ ची पद्धत आवाज पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या विलंबाची लांबी ध्वनीच्या नमुन्यांच्या पूर्ण संख्येत मोजते, म्हणून वरच्या सप्तकात सूर हलतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने ९६० हर्ट्झचा स्वर मागितला, तर जवळात जवळचा मिळतो तो सुमारे ९६९. अपूर्णांकी विलंब वापरला की हा दोष जातो. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी मात्र एवढ्याने येत नाही. घोडीच्या रुंद पृष्ठभागाला तार घासत जाते, तो परिणाम वेगळा लिहावा लागतो.

दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन केलेले ध्वनिमुद्रण ४८,००० च्या दराने वाजवले, तर सगळेच जवळपास दीड अर्धस्वराने चढते. काळी एकचा तानपुरा पांढरी दोनच्याही वर जातो. असा एकसारखा चढ आढळला की स्क्रिप्ट न चाळता आधी दोन्ही दर ताडून पाहावेत.

संपूर्ण शांततेची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. प्युअर डेटा या ध्वनिप्रोग्रॅममध्ये ध्वनिप्रक्रियेचा खटका बंद राहिलेला असतो. सीसाउंडमध्ये कमाल पातळी स्वतः ठरवली नाही, तर ती ३२,७६८ धरली जाते, त्यामुळे ०.५ तीव्रतेचा स्वर ऐकूच येत नाही. सुपरकोलायडरमध्ये भाषा आणि ध्वनिसर्व्हर हे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकमेकांना संदेश पाठवतात. वाद्याची व्याख्या पोहोचण्याआधीच ‘वाजव’ हा हुकूम गेला, तर सर्व्हरला ते वाद्य सापडत नाही. म्हणून आधी स्क्रिप्ट बाजूला ठेवून एक साधा स्वर वाजवावा, मग येणारे संदेश छापून पाहावेत, शेवटी चालू वाद्यांची यादी तपासावी. सुपरकोलायडरच्या भाषेचा आणखी एक फटका नवख्याला हमखास बसतो: ती गुणाकाराला अग्रक्रम देत नाही, डावीकडून उजवीकडे मोजत जाते. १ + २ × ३ चे उत्तर ९ येते. कंस घालणे हाच इलाज.

तालात चूक साचत जाते. प्रत्येक मात्रेनंतर ‘इतके थांब’ असे सांगितले, तर गणनेत गेलेला वेळ दरवेळी भर घालतो आणि विलंबित एकतालाच्या काही आवर्तनांनंतर सम ठरल्या जागेवरून सरकलेली आढळते. प्रत्येक मात्रेचा क्षण आरंभापासून मोजावा.

गायकाबरोबर थेट वाजवताना प्रतिसादातला विलंब हाच मोठा प्रश्न होतो. आवाज ऐकून त्याच क्षणी साथ निर्माण करणारे ‘नादसाधना’ हे पुण्याचे गायक आणि अभियंता संदीप रानडे यांचे ॲप याच प्रकारातले. २०२१ मध्ये त्याला नावीन्य विभागात ॲपल डिझाइन पुरस्कार मिळाला. स्वतःची स्क्रिप्ट अशी वापरायची असेल, तर बफर (एका वेळी हाताळायच्या नमुन्यांचा गठ्ठा) २५६ नमुन्यांपासून सुरू करावा (४८,००० च्या दराने सुमारे ५.३ मिलिसेकंद), तडतड येईपर्यंत कमी करत जावा आणि एक पायरी मागे येऊन थांबावे.