लुक्का

लुक्का : इटलीच्या टस्कनी विभागातील तटबंदीचे शहर. पीसाच्या ईशान्येस सुमारे २० किमी.वर, सेर्क्यो नदीकाठच्या सपाटीवर वसलेले. लोकसंख्या सुमारे ९०,०००. इ. स. पू. १८० मध्ये येथे रोमन वसाहत झाली. इ. स. पू. ५६ मध्ये सीझर, पाँपी आणि क्रॅसस या रोमन नेत्यांनी सत्तेची वाटणी येथेच पक्की केली. मध्ययुगात रेशमाच्या व्यापारावर शहर गबर झाले आणि १७९९ पर्यंत त्याने आपले प्रजासत्ताक टिकवले.

शहर पाहायला सुरुवात तटावरून करावी. सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधायला घेतलेला हा तट पुरा व्हायला सतराव्या शतकाचा मध्य उजाडला. घेर ४.२ किमी., उंची सुमारे १२ मी. बाहेरून विटांचे बांधकाम, आत मातीची जाड भर; गोळा आदळला तरी मातीत रुतून बसावा, हा हेतू. बुरूज आपल्या डोंगरी किल्ल्यांसारखे गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले आहेत. वसईच्या किल्ल्याचे कोनाकृती बुरूज ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही घडण लगेच ओळखू येईल. एवढी तयारी केली, पण या तटाला शत्रूचा वेढा कधी पडलाच नाही. त्याची खरी परीक्षा १८१२ च्या नोव्हेंबरात झाली. सेर्क्योला महापूर आला, वेशी बंद केल्या गेल्या आणि तटाने पाणी बाहेरच रोखून धरले. तेव्हाची राज्यकर्ती, नेपोलियनची बहीण एलिझा, बाहेर अडकली होती. तिला यारीने तटावरून आत उतरवून घेतले, असे सांगतात. पुढे माथ्यावर झाडे लावून फिरण्याचा रस्ता केला गेला. आज त्यावरून लोक चालतात, सायकली फिरवतात. पायी फेरीला तासभर पुरतो. एका हाताला कौलारू छपरे, मनोरे आणि परसबागा, दुसऱ्या हाताला खंदकाच्या जागेवरची हिरवळ.

आत उतरल्यावर अँफिथिएटर चौक चुकवू नये. रोमन रंगमंडलाचे दगड लोकांनी शतकानुशतके वाहून नेले आणि उरलेल्या भिंतींवरच घरे चढवली. १८३० च्या सुमारास वास्तुविशारद लोरेंझो नोत्तोलिनी याने मधली बांधकामे पाडून चौक मोकळा केला. त्यामुळे घरे लहानमोठी असली तरी चौक बरोबर लंबवर्तुळाकार आहे. मागच्या गल्लीतून फेरी मारली, की घरांच्या भिंतींत बुजलेल्या रोमन कमानी दिसतात. चौकापेक्षा ही गल्लीच अधिक पाहण्यासारखी आहे.

ग्विनीजी मनोरा सुमारे ४५ मी. उंच असून त्याच्या गच्चीवर सदाहरित ओक वाढले आहेत. दोनशेवर पायऱ्या चढून त्यांच्या सावलीत उभे राहता येते. सान मिकेले चर्चचा दर्शनी भाग मागच्या छपराच्या कितीतरी वर गेला आहे. बाजूने पाहिल्यास तो एकट्या पडद्यासारखा उभा दिसतो. त्याचे स्तंभ वेगवेगळ्या नक्षीचे, काही पिळाचे. जवळच संगीतकार पुच्चीनीचे जन्मघर (१८५८) संग्रहालय म्हणून जपलेले आहे.

सान मार्तीनो कॅथीड्रलमधील ‘व्होल्तो सांतो’ ही क्रुसावरील ख्रिस्ताची लाकडी मूर्ती नगराचे दैवतच म्हणावी. १३ सप्टेंबरच्या रात्री तिच्या मानाची मिरवणूक निघते आणि जुने शहर मेणबत्त्यांनी उजळते. याच कॅथीड्रलात इलारिया देल कार्रेत्तो हिची समाधी आहे. लुक्काचा तेव्हाचा सत्ताधीश पाओलो ग्विनीजी याची ही पत्नी १४०५ मध्ये वारली आणि शिल्पकार याकोपो देल्ला क्वेर्चा याने तिला संगमरवरात निजवले. मान वेढणारी उंच कॉलर, केसांभोवती फुलांचे वेटोळे, पायापर्यंत उतरलेल्या वस्त्राच्या सरळ चुण्या. पायाशी एक कुत्रा, मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहणारा. पीसाहून परतताना दोन तासांत लुक्का उरकणारे नेमके येथेच घाई करतात. या समाधीभोवती सावकाश एक फेरी घालावी, मग कुशीच्या बाजूंवर जाडजूड हार पेलणारी बाळेही दिसतात.

रेल्वे स्थानक तटाच्या दक्षिणेस लागूनच आहे. सान प्येत्रो वेशीतून पायीच आत जाता येते. मनुका घातलेला, बडीशेपेच्या वासाचा गोड पाव ‘बुकेल्लातो’ ही येथली खास चीज आहे.