खानदेशांतील लांकडी दप्तर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेले कागद उभे राहतात, आणि तें स्वाभाविकहि आहे. ज्या धुळ्यास १९२७ सालीं राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली, त्या भागांतील सुशिक्षितांस जुना कागद रद्दींत घालूं नये हें सांगावें लागत नाहीं. परंतु ज्या पेटींत ते कागद पिढ्यानपिढ्या राहिले, ती पेटीहि एक प्रकारचा कागदच आहे, ही गोष्ट अद्याप आपल्या ध्यानीं आलेली दिसत नाहीं. कागद संशोधकाकडे जातो; पेटी सुताराकडे जाते, आणि तेथून तासून, घासून, चकचकीत होऊन परत येते. आपण म्हणतों, जीर्णोद्धार झाला. जीर्णत्व गेलें हें खरें. उद्धार कोणाचा झाला, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजी अंमलाखालीं आला, त्या वेळीं सुखवस्तु घरांतहि लांकडी सामान बेताचेंच असे: पाट, चौरंग, पेटी, पलंग, झोपाळा, देव्हारा. बसणेंउठणें जमिनीवर, मोठेपणा दिसावयाचा तो लोडतक्क्यांत. खुर्ची, मेज आणि कपाट हीं मुख्यतः कचेरीच्या वाटेनें घरांत आलीं. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां हिंदुस्थानच्या कापसास अपूर्व भाव आला. खानदेश हा कापसाचा मुलूख. १८७० पर्यंत जळगांव-भुसावळवरून जबलपुराकडे जाणारा लोहमार्गहि पुरा झाला, आणि मुंबईच्या दिवाणखान्याची चाल तापीकांठीं पोंचण्यास अडचण उरली नाहीं.

हें झालें वापरणाऱ्याचें. लांकूड तोडणाऱ्याची हकीकत निराळी आहे. सातपुडा आणि डांग येथील सागास पूर्वीपासून मोठी मागणी. १८४२ सालीं इंग्रज सरकारनें डांगांतील भिल्ल नाइकांकडून तेथील जंगल पट्ट्यानें घेतलें; १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांत वनवासी लोकांचे पूर्वापार हक्क आणखी आंखडले. ज्यांनीं तो साग तोडला व वाहिला त्यांचे स्वतःचे असे कागद जवळजवळ नाहींतच. सुताराचेहि नाहींत. त्यांचा हात दिसतो तो लांकडावरच.

हा लेख वाचावयाचा कसा? कपाटाची मागची फळी पाहावी. हातकरवतीच्या खुणा सरळ पण कमीअधिक अंतरावर असतात. यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानदार असतात. लोहाराचा खिळा चौकोनी, गिरणीच्या तारेचा गोल. स्क्रू बोथट टोंकाचा निघाला तर तो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वींचा. हीं अक्षरें सर्वांत स्पष्ट असतात तीं मागच्या व खालच्या बाजूस, आणि उत्साही दुरुस्तीकार प्रथम काचकागद फिरवितो तोहि तेथेंच!

विलायतेंत हाच वाद देवळांविषयीं झाला. जुन्या भिंती खरवडून त्यांस कल्पित प्राचीन रूप देण्याच्या चालीविरुद्ध विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणार्थ एक मंडळ काढलें. मॉरिस स्वतः गृहशोभेच्या सामानाचा धंदा करणारा, तेव्हां त्यास नव्याचा द्वेष होता असें कोणी म्हणणार नाहीं. त्याचें म्हणणें एवढेंच, कीं नित्य निगा राखा, मोडेल तें सांवरा, पण काळानें केलेलें लेखन पुसूं नका.

आमच्या जुन्या कारागिरांची पद्धति या तत्त्वास अनुकूलच होती. सांधा कुसवांत बसवून सरसानें जोडलेला असेल, तर ऊन पाण्यानें व वाफेनें सरस मऊ होतो आणि फळी न फाटतां सांधा सुटतो. लाखेचें रोगण स्पिरिटांत विरघळतें. म्हणून जुन्यावर नवा हात दिला तर दोन्ही एकजीव होतात, खरवडण्याचें कारण पडत नाहीं. वैशाखांत ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या जळगांवांत लांकूड आडव्या अंगानें आंखडतें. यास्तव चौकटीच्या खांचेंतील फळी सुतार मोकळी ठेवी. ती फट पाहून आपण ती नव्या चिकट द्रव्यानें घट्ट करतों, आणि पुढच्या उन्हाळ्यांत फळी मधोमध तडकते.

यावर कोणी म्हणेल, घर म्हणजे कांहीं अजबखाना नव्हे. आक्षेप रास्त आहे. लांकडाचा पुनर्जन्म आम्हांस नवीन नाहीं. धाब्याचें घर उतरवून सिमेंटचें छत घालतांना निघालेल्या तुळया, कड्या आणि दारें वखारींत येतात. तुळईचें बांक होतें, दाराचें मेज होतें. हें व्हावेंच. उत्तम साग जळणांत जाण्यापेक्षां मेज होणें केव्हांहि श्रेयस्कर, आणि त्यामुळें एखादें उभें झाड वांचलें तर तेंहि पुण्यच. दोष पालटण्याचा नाहीं, विसरण्याचा आहे.

'रेझोल्यूट' नांवाचें इंग्रजी जहाज १८७९ सालीं मोडीत निघालें. त्याच्या लांकडाचें मेज करवून व्हिक्टोरिया राणीनें १८८० सालीं अमेरिकेचे अध्यक्ष हेझ यांस भेट दिलें. पुढें अनेक अध्यक्षांनीं तें वापरलें. त्या मेजावर धातूची पट्टी आहे आणि तींत जहाजाची सर्व कथा कोरलेली आहे. ती पट्टी नसती तर तें केवळ एक जड मेज राहिलें असतें.

आपल्या तुळईच्या बांकास राणीची गरज नाहीं. कोणत्या गांवच्या कोणत्या आळींतील घराची तुळई, घर कधीं उतरविलें, कोणत्या सुतारानें काय नवें घातलें, एवढें एका पत्र्यावर कोरून बांकाच्या पोटाशीं ठोकावें. दुरुस्तीपूर्वीं मागच्या बाजूचें छायाचित्र घ्यावें व तें त्याच खणांत ठेवावें. खर्च चार आण्यांचाहि नाहीं म्हटलें तरी चालेल; आणि दप्तरांत ज्यांचें नांव कधीं चढलें नाहीं, त्या सुताराचें नांव निदान त्याच्या लांकडावर तरी राहील.