रक्त, वंश आणि कुलाब्याचे शनिवार तेली

हातावर फुगविलेला पट्टा पांच मिनिटें आवळून धरावा आणि एकदम सैल सोडावा, म्हणजे वेगानें धांवणाऱ्या रक्तामुळें धमनी रुंदावते. तिचें अस्तर त्या वेळीं नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु सोडतें. या वायूचें कार्य शोधणाऱ्यांस १९९८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेंतील कांहीं संशोधनांत निरोगी कृष्णवर्णीय तरुणांच्या धमन्या गौरवर्णीयांच्या मानानें सरासरीनें कमी रुंदावल्या. तरुण स्त्रियांचीहि अशीच वंशवार तुलना झाली. माप खरें मानूं. परंतु ‘वंश’ हा रकाना यंत्र भरीत नाहीं. तो माणसाच्या सांगण्यावरून भरला जातो. त्या सांगण्यांत किती इतिहास दडलेला असतो, हें पाहावयास कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडचा, किनारा पुरे आहे.

अलिबागजवळ नवगांव येथें तारूं फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. त्यांचे वंशज तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारीं तो बंद ठेवीत; म्हणून गांवकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. केहीमकर, रोहेकर, पेणकर हीं त्यांचीं आडनांवें येथल्याच गांवांचीं, आणि घरची भाषा मराठी. तरी एवढ्याशा समाजांतहि ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन तट होते! ज्यांच्या कुळांत आई परधर्मीय समजली जाई ते काळे. गोरे त्यांच्याशीं सोयरीक करीत नसत. कातडीचा रंग नांवापुरता; खरा वाद आईचा.

२०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासांत या समाजांत ज्यू व हिंदी असे दोन्ही वारसे आढळले: पितृपक्षीं विशेषतः मध्यपूर्वेचा, मातृपक्षीं विशेषतः येथला. हें मिश्रण सुमारें १९ ते ३३ पिढ्यांपूर्वींचें. तेव्हां गोऱ्यांच्या पणज्याहि बहुधा याच मातींतल्या. अशा घरांतील तरुणीच्या हातावर तो पट्टा बांधला, तर तिचें नांव कोणत्या रकान्यांत घालावें? तिची धमनी तर आहार, मीठ, श्रम यांचाहि हिशेब ठेवीत असते.

असा रकाना भरण्याचा प्रसंग या मुलींवर खरोखरच आला. १९४८ नंतर पुष्कळ कुटुंबें इस्रायलास गेलीं. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें त्यांच्या विवाहापूर्वीं आईकडील वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. काल जो प्रश्न गोरे काळ्यांस विचारीत होते, तोच आतां दोघांसहि विचारला गेला. लोक रस्त्यावर आले, आणि ऑगस्ट १९६४ मध्यें तेथील संसदेनें भारतांतून आलेले हे लोक सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असें जाहीर केलें.