केंब्रिजची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळा : एक वाटचाल

धातूचा तुटलेला कडा, कागदाचा तंतू किंवा ट्रान्झिस्टरचा पृष्ठभाग हजारो पटींनी मोठा करून दाखवणारा स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप १९६५ मध्ये प्रथम बाजारात आला. त्याआधीची सतरा वर्षे केंब्रिज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागात या यंत्रावर सलग काम सुरू होते. ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरील त्या प्रयोगशाळेची ही वाटचाल आहे.

कल्पना मूळ केंब्रिजची नव्हती. बर्लिनमध्ये माक्स क्नॉल यांनी १९३५ मध्ये इलेक्ट्रॉन शलाका नमुन्यावरून ओळीओळीने फिरवून प्रतिमा मिळवली होती. मानफ्रेड फॉन आर्डेन यांनी १९३७-३८ मध्ये ही दिशा पुढे नेली. त्यांचे यंत्र युद्धकाळात १९४४ च्या हवाई हल्ल्यात नष्ट झाले. अमेरिकेत आरसीए कंपनीत झ्वॉरिकिन, हिलियर आणि स्नायडर यांनी १९४२ मध्ये असे यंत्र बांधले. पण त्याच्या प्रतिमा अस्पष्ट येत, त्या उमटायला काही मिनिटे लागत, आणि कंपनीने पुढे हा नाद सोडला. आरपार शलाका सोडणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तेव्हा स्थिरावला होता. मात्र त्यात अतिशय पातळ नमुनाच चालत असे. जाड, घन पदार्थाचा पृष्ठभाग पाहायचा तर त्याची पातळ प्रतिकृती करून ती तपासावी लागे.

युद्धात रडारच्या कामाचा अनुभव घेऊन चार्ल्स ओटली १९४५ मध्ये केंब्रिजला आले. सोडून दिलेल्या या यंत्राला नव्या इलेक्ट्रॉनिक्सची जोड द्यावी, असे त्यांना वाटले. हा वेळेचा अपव्यय आहे, असे अनेक जाणकारांनी त्यांना सांगितले. संशोधक विद्यार्थ्याने अवघड यंत्र स्वतःच्या हाताने उभे करावे, त्यातून त्याचे खरे शिक्षण होते, ही ओटली यांची भूमिका होती. तिला धरून १९४८ मध्ये डेनिस मॅकमुलन यांच्याकडे हे काम सोपवण्यात आले.

मॅकमुलन यांच्या यंत्रातून १९५१ मध्ये पहिल्या प्रतिमा मिळाल्या. नमुना शलाकेला तिरका ठेवला की पृष्ठभागाचे चढउतार प्रतिमेत स्पष्ट दिसतात, हे त्यांनी दाखवले. पुढे तेच यंत्र के. सी. ए. स्मिथ यांच्या हाती आले. शलाका आदळल्यावर नमुन्यातून कमी ऊर्जेचे दुय्यम इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते अधिक कार्यक्षमतेने गोळा करण्याची सोय स्मिथ यांनी केली. ऑलिव्हर वेल्स यांनी दुसरे यंत्र बांधले, थॉमस एव्हरहार्ट यांनी प्रतिमेतील उठावाची कारणे तपासली. एकाने उभे केलेले यंत्र दुसऱ्याने सुधारायचे, ही विभागाची रीतच झाली.

इतकी वर्षे होऊनही उद्योगजगत उदासीन होते. अपवाद ठरली कॅनडाची लगदा व कागद संशोधन संस्था. तिच्यासाठी स्मिथ यांनी बांधलेले चुंबकीय भिंगांचे यंत्र १९५८ मध्ये माँट्रियलला रवाना झाले. विभागाबाहेर रोजच्या कामासाठी गेलेले हे पहिले यंत्र होय.

१९६० मध्ये एव्हरहार्ट आणि रिचर्ड थॉर्नली यांनी आपला शोधक प्रसिद्ध केला. त्यात दुय्यम इलेक्ट्रॉन सुमारे १० हजार व्होल्टच्या विभवाने चमकपदार्थाकडे ओढले जातात आणि तेथे उमटणारा प्रकाश नळीवाटे प्रकाशगुणकाकडे जातो. क्षीण संकेतातून स्वच्छ प्रतिमा मिळवण्याचा प्रश्न यामुळे सुटला. १९५९ मध्ये विभागात आलेले विल्यम निक्सन आणि त्यांचे विद्यार्थी फेबियन पीझ यांनी पुढील यंत्रात सुमारे १० नॅनोमीटर इतका बारीक तपशील वेगळा दाखवला. अॅलेक ब्रोअर्स यांनी त्याच शलाकेने अतिसूक्ष्म रचना कोरण्याचे काम सुरू केले.

पदार्थात कोणती मूलद्रव्ये आहेत, हे सांगणाऱ्या यंत्राचा प्रवाह याच गावात समांतर वाहत होता. शलाकेमुळे नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत रेमाँ कास्तँ यांनी १९५१ च्या पॅरिसमधील प्रबंधात मांडली होती. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉसलेट आणि पीटर डंकम यांनी १९५६ मध्ये तिला फिरत्या शलाकेची जोड दिली. जवळच्या हिंक्स्टन हॉल येथील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या प्रयोगशाळेत डंकम आणि डेव्हिड मेलफर्ड यांनी ते तंत्र धातूंच्या तपासणीसाठी सिद्ध केले. केंब्रिज इन्स्ट्रुमेंट कंपनीने त्यावरून ‘मायक्रोस्कॅन’ बाजारात आणले.

चार्ल्स डार्विन यांचे पुत्र होरेस डार्विन यांच्या पुढाकाराने १८८१ मध्ये स्थापन झालेल्या याच कंपनीने अखेर ओटली यांच्या यंत्राची जबाबदारी स्वीकारली. त्यापूर्वी एईआय कंपनीने रस घेतला होता, पण ते काम तडीस गेले नाही. जगभरात मिळून अशी दहाच्या आसपास यंत्रे खपतील, असाही एक अंदाज तेव्हा वर्तवला जाई. ओटली यांचे विद्यार्थी गॅरी स्टुअर्ट कंपनीत रुजू झाले, आणि १९६५ मध्ये ‘स्टिरिओस्कॅन’ विक्रीस आले. पाठोपाठ जपानच्या जेओएलनेही आपले यंत्र आणले. मागणीने तो जुना अंदाज लवकरच खोटा ठरवला.

कंपनीला पुढचा काळ सोपा गेला नाही. १९६८ मध्ये ती जॉर्ज केंट समूहाकडे गेली, सत्तरच्या दशकात आर्थिक अडचणीत आली, आणि तिला सरकारी भांडवलाचा आधार घ्यावा लागला. १९९० मध्ये ती वाइल्ड लाइट्झमध्ये विलीन होऊन लायका समूह झाला; १९९५ मध्ये लायका आणि झाइस यांनी मिळून सूक्ष्मदर्शकांसाठी लिओ ही कंपनी काढली, आणि पुढे ती पूर्णपणे झाइसची झाली. नावे बदलली, तरी केंब्रिजमधले काम चालू राहिले.

ओटली १९६९ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९७४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. एव्हरहार्ट यांनी कॅलटेकचे अध्यक्षपद भूषवले, तर ब्रोअर्स केंब्रिजचे कुलगुरू झाले. या प्रयोगशाळेने जगाला यंत्र दिले आणि ते घडवता घडवता माणसेही घडवली. एव्हरहार्ट आणि थॉर्नली यांचा शोधक आजही जगातील बहुतेक स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये वापरात आहे.