घरपट्टी, जकात आणि दहा मिनिटांत मंजूर होणारं अंदाजपत्रक

मंडळी, फेब्रुवारी आला की नगरपरिषदेत अंदाजपत्रकाची विशेष सभा लागते. बातमीचा मथळा आम्हा पत्रकारांना आधीच पाठ असतो : 'कोणतीही करवाढ नसलेलं शिलकी अंदाजपत्रक मंजूर'. बाकं वाजतात, चहा येतो, सभा संपते.

यंदा जरा वेगळं आहे. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत पाच वर्षांनी संपली आणि पुढचं मतदान थेट डिसेंबर 2025 मध्ये झालं. मधली चार अंदाजपत्रकं प्रशासकांनी एका सहीनं मंजूर केली. आता नगरसेवक परत सभागृहात आलेत. म्हणून घरपट्टीच्या दरावर आपल्याकडे कधी धड चर्चा का होत नाही, याचा थोडा इतिहास सांगतो. ही सवय आजची नाही, पावणेदोनशे वर्षांची आहे.

सुरुवात आपल्यापासून लांब, बनारसला. 1810 मध्ये कंपनी सरकारनं तिथं घरांवर कर बसवला. लोकांनी दुकानं बंद केली, कामधंदा सोडून हजारोंच्या संख्येनं बाहेर धरणं धरलं. 1811 मध्ये सरकारला कर मागे घ्यावा लागला. घरावरचा कर लोकांना खुपतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. साहेबाला हे तेव्हा कळलं, पण पुरतं नाही. 1842 मध्ये बंगालात नगरपालिकांसाठी कायदा आला, तोही घरपट्टीच्या जोरावर. तो एकाच गावात लागू झाला आणि तिथल्या लोकांनी कर तर दिलाच नाही, उलट वसुलीला आलेल्या कलेक्टरवरच खटला भरला!

मग आला 1850 चा 26 वा कायदा. गावकऱ्यांनी अर्ज केला तर नगरपालिका, आणि कर कोणता तर तुम्हाला सोसेल तो, अप्रत्यक्ष असला तरी चालेल. मुंबई इलाख्यात हा कायदा भराभर उचलला गेला. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जुन्या नगरपालिकांचं मूळ यातच आहे. त्यांनी निवडलेला कर म्हणजे जकात. गावात येणाऱ्या गुळावर, तेलावर, कापडावर, लाकडावर नाक्यावरच पैसे घ्यायचे. व्यापारी ते मालाच्या भावात लावणार आणि गिऱ्हाईकाला कळणारही नाही.

यात खरी गोम आहे. घरपट्टी ज्याचं घर मोठं त्याला जास्त. जकात मात्र पोटाला लागणाऱ्या मालावर, म्हणजे झोपडीतल्या माणसालाही. आणि कमिटीत बसलेले कोण होते? मोठ्या घरांचे मालक. लॉर्ड रिपन यांचा 18 मे 1882 चा ठराव आणि त्यामागून आलेले 1884 चे कायदे यांनी निवडून आलेले सभासद आणले हे खरं, पण मताचा अधिकार मालमत्ता आणि कराशी बांधलेला होता. सामान्य माणूस जकात भरायचा, पण सभागृहात त्याचा आवाज नव्हता.

तो आवाज कधीमधी उठला. महात्मा फुले 1876 ते 1882 पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. सगळे सरकारनियुक्त सभासद हो म्हणाले, विरोधात हात एकच, जोतीरावांचा. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, एवढंच त्यांचं म्हणणं. हजार रुपयांचा विषय, पण नगरपालिकेचा पैसा कुणाच्या खिशातून येतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. पुढे ते पुणे नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. 26 मार्च 1902 ला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारच्या शिलकीवरच बोट ठेवलं. लोक दुष्काळानं पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक राहते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय, हा त्यांचा मुद्दा. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. 'शिलकी' शब्द ऐकून बाकं वाजवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. शिल्लक कशी राहिली हे विचारायचं असतं. काम न करताही शिल्लक राहते.

पुढे स्वातंत्र्य आलं, सगळ्यांना मत मिळालं, 1965 चा नगरपरिषद कायदा आला. जकात मात्र चालूच राहिली. चाळिशीपुढच्यांना गावाबाहेरचे नाके, ट्रकांच्या रांगा आणि पावत्या आठवत असतील. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारचं सहायक अनुदान सुरू झालं. व्यापाऱ्यांची कटकट गेली, चांगलंच झालं. पण नगरपरिषदेचा हक्काचा मोठा पैसा गेला आणि नजर मुंबईकडे लागली. अनुदान आलं की पगार, नाही आलं की कर्मचारी दारात.

हातात उरली घरपट्टी. तिचं गणित अवघड नाही. समजा तुमच्या घराचं वाजवी वार्षिक भाडं 12,000 रुपये धरलं. दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा, उरले 10,800. हे करयोग्य मूल्य. त्यावर सभागृहानं ठरवलेला दर. ही आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं करायची असते. नोटिसा निघतात, हरकती येतात, मोर्चा निघतो, प्रकरण थंड्या बस्त्यात जातं. परिणाम काय? जुन्या वाड्याच्या जागी तीन मजले उभे राहतात, कागदावर अजून पत्र्याचं छप्पर असतं. नवा फ्लॅट घेतलेला शिक्षक मात्र पूर्ण आकारणीनं भरतो. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढत राहते. बडा थकबाकीदार माफीच्या योजनेची वाट बघतो आणि वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो.

'करवाढ नाही' ही घोषणा ऐकायला गोड आहे. पण तिचा फायदा सर्वात जास्त त्याला, ज्याची आकारणीच कमी आहे किंवा जो भरतच नाही.

मी करवाढ करा म्हणत नाही. दराची चर्चा करा म्हणतोय. ज्या पैशाचा हिशेब गाव मागत नाही, तो पैसा गावाचा राहत नाही. आपण घरपट्टीवर बोलायचं टाळलं, म्हणून आपल्या रस्त्याचा निर्णय मंत्रालयात व्हायला लागला.

तेव्हा आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला सभेआधी तीन गोष्टी विचारा. घरपट्टीची एकूण मागणी किती आणि प्रत्यक्ष वसुली किती? शेवटची फेरआकारणी कधी झाली आणि किती इमारती नोंदीतच नाहीत? गेल्या वर्षी तरतूद केलेल्या कामांपैकी किती झाली?

आणि बिल आलं की नीट वाचा. त्यातला शिक्षण कर नगरपरिषदेचा नाही, तो गोळा करून राज्याकडे भरायचा असतो. सगळ्या शिव्या नगरपरिषदेला देऊ नका. ज्या तिच्या वाट्याच्या आहेत, त्या मात्र सोडू नका.

सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. मागच्या बाकावर नेहमी आम्ही चार पत्रकारच असतो. यंदा या की, जागा भरपूर आहे.