पर्यावरण व अभियांत्रिकीतील पीएचडी : जागा कोठे शोधावी

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोऱ्याच्या विद्यार्थ्यास जलसंशोधनाचा विषय दूर शोधावा लागत नाही. सातपुड्यातून झिरपणारे पाणी बुऱ्हाणपूर शहरात आणणारा १६१५ चा कुंडी भंडारा जिल्ह्यातच आहे. दुर्मीळ असते ती विद्यावेतनासह जागा. तिच्यासाठी नागपूरची ‘नीरी’, आयआयटी मुंबई किंवा आपल्याकडील दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गाठावी लागते. पर्यावरण विज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका २०२१ पासून ‘गेट’मध्येही असते, त्यातील गुण ३ वर्षे ग्राह्य धरतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. अर्जापूर्वी मार्गदर्शकाकडे जागा रिक्त आहे का, हे विचारावे. प्रकल्पातील नेमणूक म्हणजे पीएचडीची नोंदणी नव्हे, हे अनेकांना फार उशिरा कळते.